नवी मुंबईतील माथाडी कामगार : स्थलांतर, शिक्षण आणि रोजगारसंधी

प्रस्तावना :
ग्रामीण भागातून शहरात आलेल्या मजुरास शिक्षण व प्रशिक्षण मिळाले की त्याच्या रोजगारसंधी वाढतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नवी मुंबईतील माथाडी कामगारांचा इतिहास पाहता या गृहीतकास एक महत्त्वाची जोड द्यावी लागते. शिक्षणाचे फळ पदरात पडण्यासाठी श्रमाला कायद्याची मान्यता आणि कुटुंबाला स्थिर निवारा यांचीही आवश्यकता असते. प्रस्तुत लेखात १९६९ नंतरच्या कालखंडाच्या आधारे या प्रश्नाची चर्चा केली आहे.

टोळी : अनौपचारिक प्रशिक्षण
सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांच्या कोरडवाहू व डोंगराळ भागांतील अल्पशिक्षित तरुण मुंबईतील मशीद बंदर परिसरातील बाजारपेठांत हमालीसाठी येत. गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात राहावयाचे आणि उरलेला पैसा गावी धाडावयाचा, असा त्यांचा क्रम असे. टोळी हीच त्यांची शाळा होती. पोत्याचा तोल कसा सांभाळावा, थप्पी ढासळू नये म्हणून कशी रचावी, हे जुना कामगार नव्यास शिकवी. मात्र या कौशल्याला ना दाखला होता, ना उद्याच्या कामाची शाश्वती.

कायदेशीर मान्यता :
अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या कामगारांना संघटित केले. दीर्घ लढ्यानंतर १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा संमत झाला. त्यानुसार मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. कामगाराची नोंदणी, मंडळामार्फत वेतन, तसेच मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, उपदान, सानुग्रह अनुदान यांची तरतूद झाली. कामगाराचे शिक्षण तेच राहिले. त्याचे स्थान मात्र बदलले.

नवी मुंबई आणि दुसरी पिढी :
१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. १९८० च्या दशकारंभी कांदा-बटाटा बाजार आणि १९९० च्या दशकात अन्य घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भे परिसरात आले. कोपरखैरणे, घणसोली येथे माथाडी वसाहती उभ्या राहिल्या. गाळ्यात एकट्याने राहणाऱ्या कामगारास कुटुंब आणता आले आणि त्याच्या मुलांना शहरातील शाळा-महाविद्यालये जवळ आली. १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालयही वाशीत आहे, हा योग बोलका आहे.

तथापि, केवळ पदवीने प्रश्न सुटला नाही. २२ मार्च १९८२ रोजी अण्णासाहेबांनी आर्थिक निकषावरील आरक्षणाच्या मागणीसाठी मोर्चा काढला. मागणी मान्य न झाल्याने दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राणत्याग केला. श्रमिकाच्या पुढील पिढीस शिक्षण व नोकरीत वाव मिळावा, हा या मागणीचा गाभा होता. १९९८ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या आर्थिक मागास विकास महामंडळाचा भर स्वयंरोजगारावर राहिला.

नाक्यावरील कामगार :
याच शहराच्या नाक्यांवर रोज सकाळी उभे राहणारे गवंडी, सुतार, बिगारी यांची स्थिती निराळी आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती माथाड्यापेक्षा अधिक विक्रीयोग्य कसब असते. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६ मध्ये झाला व राज्याचे कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये आले. परंतु नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा लागतो. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याला हा दाखला मिळविणे कठीण जाते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. पण प्रमाणपत्र कौशल्याची साक्ष देते, कामाची हमी देत नाही.

निष्कर्ष :
माथाड्याला आधी नोंदणी मिळाली, मग घर, आणि त्यानंतर मुलांचे शिक्षण. नाका कामगाराला आधी प्रशिक्षण घेण्यास सांगितले जाते. हा क्रम उलटा आहे. यंत्रे व कंटेनर यांमुळे डोक्यावरील ओझ्याचे काम घटत असताना प्रशिक्षणाची गरज वाढणारच आहे. मात्र ते नोंदणी, निवारा व निश्चित वेतन यांच्याशी जोडले नाही, तर शिकलेला मजूरही नाक्यावरच उभा राहील.