सर्दी, खिडकी आणि १९१८ ची मुंबई

थंडी पडली की माझं पालकांशी भांडण ठरलेलं. मी वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवतो आणि ते म्हणतात, "सर, पोरांना गार वारा लागतो, बंद करा." त्यांचाही दोष नाही. उर्दूत 'सर्दी' म्हणजे थंडी, आणि तोच शब्द मराठीत येऊन वाहतं नाक झाला. भाषेनंच रोगाचं कारण ठरवून टाकलंय!

शब्दाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'इन्फ्लुएंझा' हा अरबी 'अन्फुल अन्जा' म्हणजे 'बकरीचं नाक' यावरून आला, असा मेसेज दरवर्षी फिरतो. ऐकायला गोड आहे, पण शब्द इटालियन आहे, अर्थ 'प्रभाव'. ग्रहताऱ्यांच्या प्रभावानं साथ येते, असं तेव्हा मानत. आपल्या लोकांनी केलेली खरी कामं कमी नाहीत, त्यात हे कशाला घालायचं?

आता मुंबईकडे येऊ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांची ने-आण करणारी जहाजं बंदरात लागत होती. जून १९१८ मध्ये गोदीवर पहारा देणारे काही पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. मग साथ गिरण्यांत, कचेऱ्यांत, घराघरांत गेली. पावसाळ्यात ती ओसरल्यासारखी वाटली आणि सप्टेंबरमध्ये दुप्पट जोरानं परतली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबईचा ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा. गारठा हेच कारण असतं, तर तेव्हा साथ यायलाच नको होती.

मग कारण काय? त्या साथीतले शहराचे आकडे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. दर हजारी मृत्यू: युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, आणि सरकारी नोंदीत ज्यांना खालच्या जातीचे हिंदू म्हटलं ते ६१.६. शहर एक, साथ एक. फरक होता तो खोलीचा. चाळीच्या एका खोलीत आठ-दहा माणसं, खिडकी असली तर असली. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महागलेलं, पोट अर्धं. घरातले सगळेच आडवे झाले की पाणी द्यायलाही कोणी उरत नसे. गर्दी टाळा, मोकळ्या हवेत राहा, हा सल्ला तेव्हाही दिला जात होता. पण तो कोणाला पाळता येणार होता?

रोगाचा विषाणू कोणी पाहिलाही नव्हता. माणसातला फ्लूचा विषाणू लंडनमध्ये सापडला तो १९३३ मध्ये. पण श्वासातून रोग पसरतो हे मांचुरियातल्या १९१०-११ च्या फुप्फुसाच्या प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखलं होतं आणि कापूस-जाळीच्या कापडाचे मुखपट्टे वापरायला लावले होते. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते मानलं नाही. मुखपट्टा न लावता रुग्ण तपासले आणि काही दिवसांत ते गेले.

पैगंबर (स.) शिंकताना तोंडावर हात किंवा कपडा धरत आणि आवाज खाली ठेवत, हे हजरत अबू हुरैरा यांच्या रिवायतीत आहे. हे मी मुलांना आवर्जून सांगतो. मात्र पाच वेळा वुजू केला की विषाणू जवळ येत नाही, असं कोणी म्हटलं तर मी मान हलवत नाही. वुजू इबादत आहे. बाहेरून आल्यावर हाताला साबण लावायचाच.

आणि ऊब? दादीची रजई अगदीच चुकीची नव्हती. थंड, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त वेळ टिकतो आणि गारठ्यानं नाकाची स्वतःची राखणही ढिली पडते. पण मुंबईत फ्लू वाढतो तो बहुतेक पावसाळ्यात, सगळे दारं लावून आत बसतात तेव्हा. अंग झाकावं, खोली झाकू नये, एवढंच माझं म्हणणं.

यंदा पालकांशी तडजोड झाली आहे. खिडक्या उघड्या राहतील, आणि ज्याच्याकडे स्वेटर नाही त्याच्यासाठी माझ्या कपाटात तीन जुन्या शाली आहेत. त्यातली एक परवापासून परत आलेली नाही. मी विचारलेलं नाही.