स्पितीचें हवापाणी व तेथील पोथ्या

जुन्या पोथीच्या समाप्तीस लेखक तेल, पाणी व सैल बंधन ह्या तीन शत्रूंपासून आपल्या श्रमाचें रक्षण करण्याची विनवणी करून ठेवतो, हें संग्राहकांस सांगावयास नको. ह्या तिहींपैकीं पाण्याचा अनुभव आपल्याकडे सर्वांत कडू. मृगापासून हस्तापर्यंत दप्तरांच्या खोल्या दमट राहतात, रुमालांतील कागद एकमेकांस चिकटतात, आणि पाठोपाठ कसर व वाळवी आपापलें काम करितात. हा शत्रु जेथें हजार वर्षें जवळ जवळ आलाच नाहीं, अशा प्रदेशांत पोथ्यांचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. असा प्रदेश म्हणजे हिमाचल प्रदेशांतील स्पितीचें खोरें होय.

स्पिती नदी कुंझुम खिंडीच्या बाजूस उगम पावून आग्नेयीकडे वाहत जाते व किन्नौरांत खाब येथें सतलजेस मिळते. खोऱ्यांतील गांवें सुमारें १०,००० फुटांपासून १५,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर वसलेलीं आहेत. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी ढग दक्षिणेच्या पर्वतरांगांवरच रिते होतात. त्यामुळें रांगेच्या अलीकडे कुलू हिरवेंगार, तर पलीकडे स्पिती उघडीबोडकी. तेथें पाणी येतें तें हिवाळ्यांत बर्फाच्या रूपानें. उन्हाळ्यांत वितळणाऱ्या बर्फाचे पाट काढून त्यांवर जव व काळा वाटाणा पिकवितात. घरें व देवळें मातीचीं. छपरें सपाट, तुळयांवर काटक्या पसरून वर माती चोपलेली. बर्फ पडलें कीं घरचीं माणसें छपरावर चढून लांकडी फावड्यांनीं तें खालीं लोटतात, आणि आंत थेंबही उतरत नाहीं. पाऊस पडणार नाहीं असें गृहीत धरूनच हें सारें बांधकाम झालेलें आहे. हवेचा कोरडेपणा किती, ह्याचें प्रमाण ताबोपासून फार दूर नसलेल्या ग्यू गांवीं मिळतें. तेथें एका भिक्षूचा बसलेला देह केस व दांतांसह टिकून आहे. तो सुमारें पांचशें वर्षांपूर्वींचा असावा असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे.

ह्या खोऱ्यांतील सर्वांत महत्त्वाचें स्थान ताबो. पश्चिम तिबेटांतील गुगे-पुरंगचा राजा येशे-ओद ह्यानें इ. स. ९९६ मध्यें, म्हणजे तिबेटी गणनेच्या माकड-वर्षांत, येथील विहार स्थापिला. त्यानंतर ४६ वर्षांनीं, १०४२ मध्यें, त्याच्या भावाचा नातू ज्यांगछुब-ओद ह्यानें त्याचा जीर्णोद्धार केला. ही हकीकत मुख्य देवळांतील लेखावरून कळते. परंपरा मात्र ताबोचें कर्तृत्व बहुधा महान् भाषांतरकार रिन्चेन-झांग्पो (९५८–१०५५) ह्याजकडे देते. काश्मीरांत शिकून संस्कृत ग्रंथ तिबेटींत आणणारा हा पुरुष खरोखरच मोठा. तथापि लेखाचें सांगणें एक व परंपरेचें दुसरें, हा भेद संशोधकानें पुसूं नये. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा लेख दगडावर खोदलेला नाहीं. तो मातीच्या गिलाव्यावर शाईनें लिहिलेला आहे. कोंकणांत अशा लेखाचें आयुष्य किती झालें असतें, ह्याचा अंदाज वाचकांनींच करावा.

आतां पोथ्यांकडे वळूं. १९०९ सालीं पुराणवस्तु खात्याच्या वतीनें ए. एच. फ्रांके व १९३३ सालीं इटालियन पंडित ज्युसेप्पे तुच्ची हे ताबोस येऊन गेले. तुच्चीस देवळांत जुन्या पानांचे ढीग विस्कटलेले दिसले. १९९१ पासून व्हिएन्नाचे अर्न्स्ट श्टाइनकेलनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं तीं पानें लावण्याचें काम हातीं घेतलें. पानें हजारोंनीं निघालीं. त्यांत प्रज्ञापारमितेचा भाग मोठा आहे. कित्येक पानांवर दोरी ओंवण्याच्या छिद्राची जागा वर्तुळानें दाखविली आहे; कागदावर लिहितांनाही ताडपत्राची आठवण सुटली नाहीं, असें दिसतें. इकाराची खूण उलटी काढणें, ‘म’ला इकार किंवा एकार लागतांना खालीं ‘य’ जोडणें, ह्या जुन्या लेखनरीति तेथें आढळतात, आणि पानांचा काळ ठरविण्यास त्यांचाच उपयोग होतो.

म्हणजे पाण्यानें कागदास सोडलें. इतर दोघांनीं मात्र सोडलें नाहीं. तेलाच्या जागीं तेथें लोणी आहे. लोण्याच्या दिव्यांची काजळी भिंतींवरील चित्रांवर शतकानुशतकें बसली आहे. सैल बंधनानें तर सर्वांत अधिक घात केला. तिबेटी पोथी शिवलेली नसते; सुटीं पानें वस्त्रांत गुंडाळून दोन फळ्यांमध्यें आवळतात. पट्टा सुटला, कीं एका ग्रंथाचें पान दुसऱ्यांत जातें. वास्तविक वाचणारे हात तेथें कमी नव्हते. वडील मुलानें शेत सांभाळावें व धाकट्यांनीं मठांत जावें, अशी स्पितीची जुनी चाल होती. परंतु ज्या पोथ्या पठणांत राहिल्या नाहींत, त्यांची बांधणी तपासण्याचें कारण कोणास पडावें?

एवढ्यावर हा विषय संपला असता तर बरें होतें. परंतु पाऊस आतां डोंगर ओलांडूं लागला आहे. ६ ऑगस्ट २०१० च्या रात्रीं लडाखांत लेहजवळ ढगफुटी होऊन दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. तेथील घरेंही मातीचींच होतीं. ताबोच्या चित्रांवर छपरांतून गळलेल्या पाण्याचे मातकट ओघळ दिसतात. गळती थांबविण्यासाठीं छपरावर मातीचा आणखी थर देणें हा गांवचा उपाय. पण थर वाढला कीं तुळयांवरील भार वाढतो, आणि हा भूकंपाचा मुलूख आहे. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपानें ताबोची मोठी हानि केली, व पुढें भिक्षूंकरितां नवें सभागृह बांधावें लागलें. स्पितीची जुनी राजधानी धनकर. तेथील मठाचें नांव २००६ सालीं जगांतील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादींत आलें होतें.

सिमेंट ओतून हा प्रश्न सुटेल असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. जड व न श्वसणारें छप्पर मातीच्या भिंतीस सोसत नाहीं. पोथी निदान रुमालांत बांधून दुसऱ्या खोलींत नेतां येते, भिंतीवरील लेख नेतां येत नाहीं. त्या लेखाचा पाठ व भाषांतर १९९९ सालीं छापून निघालें आहे. छपरावरची माती मात्र प्रत्येक हिवाळ्यानंतर कोणीतरी वर चढून पाहावीच लागते.