भिंतीचं ओझं

शिकागोच्या जॅक्सन बुलेवार्डवर मोनॅडनॉक नावाची 16 मजली कचेऱ्यांची इमारत आहे. तिचा उत्तरेकडचा भाग 1891 चा, भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींचा. एवढे मजले तोलायला तळाशी भिंत सहा फूट जाड ठेवावी लागली. शहराच्या ऐन मध्यावरची मोलाची जागा भिंतीनेच खाल्ली. विटेची मजल इथे संपली.

तोवर दुसरी वाट सापडलीही होती. 1871 च्या आगीत शहराचा मध्यभाग जळाला, नव्याने बांधताना जागेचे भाव चढले आणि एलिशा ओटिसच्या सुरक्षित लिफ्टमुळे वरचे मजलेही भाड्याने जाऊ लागले. 1885 मध्ये विल्यम ले बॅरन जेनी यांनी दहा मजली होम इन्शुरन्स इमारतीचा बराचसा भार लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर टाकला. हीच पहिली गगनचुंबी का, यावर अजून वाद आहे, कारण थोडा भार तिच्या भिंतींवरही होता. पण दिशा ठरली. पुढची कित्येक दशकं बाहेरची भिंत ऊन-पाऊस अडवण्यापुरती उरली.

हा सांगाडा अडला तो वाऱ्यापाशी. इमारत दुप्पट उंच केली, तर वाऱ्याने तिला वाकवण्याचा जोर दुपटीहून कितीतरी अधिक वाढतो. त्यासाठी आत खांबांची गर्दी करायची, तर पोलाद परवडत नाही.

ही कोंडी फोडली फझलुर रहमान खान यांनी. ढाक्यात 1929 साली जन्म, शिबपूरच्या कॉलेजात शिक्षण, मग इलिनॉय विद्यापीठ आणि शिकागोची स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल ही कंपनी. पोकळ बांबू वाऱ्यात तग धरतो, कारण त्याचं सारं बळ कडेला असतं. खान यांनी इमारतीचं बळ असंच कडेला नेलं: बाहेरच्या बाजूंना एकमेकांलगत खांब, ते तुळयांनी घट्ट जोडलेले; म्हणजे इमारतच एक नळी. आधी 43 मजल्यांची डेविट-चेस्टनट, मग 1969 मध्ये कर्णरेषांनी आवळलेला शंभर मजली हॅनकॉक.

सीअर्स टॉवर ही त्याच्या पुढची पायरी. सीअर्स ही तेव्हाची जगातली सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती कंपनी; तिला आपली माणसं एका छताखाली हवी होती. वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहम आणि खान यांनी 75 फुटी चौरसाच्या नऊ नळ्या एकमेकींना बांधल्या. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या. उरलेल्या दोन माथ्यापर्यंत जातात. इमारतीचा तो पायऱ्यापायऱ्यांचा आकार यातूनच आला, आणि मला तिचं सौंदर्य इथेच दिसतं: तिने आपली रचना लपवलेली नाही. 1973 मध्ये 1450 फुटांवर काम पोहोचलं. एम्पायर स्टेटपेक्षा 200 फूट उंच, तरी दर चौरस फुटामागे पोलाद कमीच लागलं. पुढे सुमारे पंचवीस वर्षं ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. सीअर्सने ती सोडली, 2009 मध्ये नावही विलिस टॉवर झालं.

जेनी यांनी भिंतीचं ओझं उतरवलं. खान यांनी तिला पुन्हा कामाला लावलं. शिकागोला गेलात, तर आधी मोनॅडनॉकची ती जाड भिंत हाताने चाचपा, मग जॅक्सनवरून पश्चिमेला चालत विलिस टॉवरपाशी या. फ्रँकलिन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर खान यांच्या नावाची पाटी आहे. वर पाहण्याआधी ती वाचा.