तव्यांवरची नावं

आमच्या गावात विजेच्या आधी भोंगा आला. धाकट्या काकानं एक गोऱ्हा विकून हिंगोलीहून लाऊडस्पीकरचा जुना सेट आणला. ॲम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, दोन भोंगे आणि पत्र्याच्या पेटीत पन्नासेक तवे. तवे म्हणजे रेकॉर्डी. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. हिंगोली वेगळा जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडलं. कयाधूकाठच्या गावांत लग्न असो, सप्ता असो की पोळा, काकाला सुपारी यायची. शाळेला सुट्टी असली की मी पेटी मांडीवर घेऊन बैलगाडीत बसायचो. काकाला वाचता येत नव्हतं. तो तवा ओळखायचा कडेच्या टवक्यावरून. नवा तवा आला की मला वाचून दाखवावा लागे. कुत्र्याच्या चित्राखाली बारीक अक्षरात सिनेमाचं, संगीतकाराचं आणि गाणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं.

लग्नातला गाण्यांचा क्रम ठरलेला असे. दिवस उगवायला देवाची गाणी आणि माणिक वर्मा. पंगती बसल्या की सुमन कल्याणपूर. त्यांचा तवा लागला की पंगतीतलं कोणीतरी छातीठोक सांगायचं, ही लता हाय. मी नाव वाचून दाखवलं तरी ऐकायचं नाही. रात्री वरात निघाली की सुलोचना चव्हाण, उषा मंगेशकर, रोशन सातारकर. ज्या गावात सासऱ्यापुढं सुनेचा आवाज निघत नव्हता, त्या गावाच्या लिंबावरून दिवसभर बायांचा आवाज घुमायचा. त्याचं कोणाला काही वाटत नसे. ही बाई कोण, कुठली, हेही कोणी विचारत नसे.

विचारायची ती एकटी माझी माय. रात्री घरी आलो की भाकर वाढता वाढता म्हणायची, "आज नवा तवा व्हता का रं? कोन म्हनलंय?" मी नाव सांगायचो. मग पुढचे प्रश्न सुरू. "कुठली हाय? लेकरंबाळं हायेत का तिला? नवरा गाऊ देतो का?" हे तव्यावर लिहिलेलं नसायचं. मी म्हणायचो, मला काय माहीत. ती म्हणायची, "मग शाळा कायची शिकतूस?"

मग ७२ चा दुष्काळ पडला. ज्वारी गेली, कापूस गेला, विहिरी तळाला गेल्या. लाल मिलो आणि सुकडीवर दिवस निघाले. माय खडी फोडायला जायला लागली. त्याच साली व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत आणि उषाबाईंचा आवाज. आमच्याकडं सिनेमा पोचायच्या आधी त्याचे तवे पोचले. खडीवरच्या बायांनी त्या चाली उचलल्या. मायनं एका चालीत स्वतःचे शब्द घातले. हजेरीला उशीर लावणारा आणि मोजमापात काटा मारणारा मुकादम त्यात होता. बाया हातोडे खाली ठेवून हसायच्या, मग पुन्हा म्हणायला लावायच्या. माय इतकी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

उन्हाळ्यात भावकीतल्या एका हळदीला बायांनी आग्रह केला अन् मायनं तेच गाणं म्हटलं. बाहेर ओट्यावर आजा बसलेला. तो आत आला नाही, हात उगारला नाही. दारातूनच म्हणाला, "घरंदाज बाई फडातली गानी म्हनती व्हय?" हळद थांबली. बापू खाली मान घालून उभा राहिला. मीही तिथंच होतो. त्या दिवसापासून मायच्या तोंडात फक्त जात्यावरची ओवी राहिली. पुढं गावात गिरणी आली आणि ओवीही गेली.

आणि त्याच रात्री वरातीत आज्यानं काकाला सांगून सुलोचनाबाईंचा तवा दोनदा लावायला लावला होता.

मायच्या प्रश्नांची उत्तरं मला फार उशिरा, मास्तरकीत असताना, पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून मिळाली. सुलोचनाबाई फडातल्या नव्हत्याच. १९३३ साली मुंबईत, गिरगावात जन्मलेली कदमांची पोर. लहानपणी वत्सलाबाई कुमठेकरांची लावणी गुणगुणायची, तर आई ओरडायची. म्हणजे गिरगावातही आमचाच ओटा होता. आधी त्या हिंदी सिनेमात गायल्या. मग 'हीच माझी लक्ष्मी'साठी वसंत देसाईंनी त्यांच्याकडून लावणी म्हणवून घेतली. लग्न झालं श्यामराव चव्हाणांशी. लावणीतला शब्द कुठं दाबायचा, कुठं सोडायचा, हे त्या नवऱ्याकडून शिकल्या. 'रंगल्या रात्री अशा', 'सवाल माझा ऐका' या सिनेमांनी त्यांना गावोगाव नेलं. आचार्य अत्र्यांनी लावणीसम्राज्ञी म्हटलं. पण कार्यक्रमात त्या अंगभर पदर लपेटून उभ्या राहायच्या. ठसका सगळा गळ्यात. नवरा गाऊ देतो का, या मायच्या प्रश्नाला एवढं मोठं उत्तर होतं.

आणि जी खरीच फडातली होती, तिचं काय? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. तमाशा हेच घर आणि तीच शेती. दिवस भरलेले असताना बोर्डावर नाचत होती. कळा आल्या तशी आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर आली. ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. राष्ट्रपतींचं पदक दोनदा मिळालं, १९५७ आणि १९९० ला. २००२ साली गेली तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. पुढं सरकारनं तिच्या नावानं पुरस्कार काढला.

तव्यावर गाणारीला आम्ही बाई म्हणायचो, बोर्डावर गाणारीला तमासगिरीण, आणि घरात गाणारीला गप्प. गाणं तेच असायचं. माळेगावच्या जत्रेत तंबूच्या पहिल्या रांगेत फेटे उडवणारे आमच्याच गावचे होते. घरी आल्यावर तेच पोरीबाळींना दटावायचे.

कॅसेट आली तसा काकाचा धंदा बसला. तवे माळ्यावर गेले, उन्हानं वाकडे झाले. २०२२ च्या जानेवारीत सुलोचनाबाईंना पद्मश्री जाहीर झाली. माय तेव्हा ऐंशीच्या घरात. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. गिरगाव, आईचं ओरडणं, नवऱ्याची शिकवणी, अंगभर पदर. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग मामंजींला त्या टायमाला सांगायचं व्हतं ना, लेका. तू तर वाचत व्हतास."

मी नुसती नावं वाचत होतो. पण हळदीत मी गप्प उभा होतो, हेही खरं.

"ते मुकादमाचं गाणं म्हण की," मी म्हणालो. तिनं आधी दाराकडं पाहिलं. आजा जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. "इसरले," म्हणाली. थोड्या वेळानं मात्र आपणहून बोटं मोजत तव्यांवरची नावं सांगायला लागली. माणिक वर्मा, सुमन कल्याणपूर, रोशन सातारकर, उषा मंगेशकर. एकही चुकलं नाही.

त्याच डिसेंबरात, १० तारखेला, सुलोचनाबाई गेल्या. बातमी सांगितली तर मायनं पदर सारखा केला आणि एवढंच विचारलं, "लेकरं हायेत ना तिला?"

"मुलगा हाय," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली.