नीलवंत : एका नावाचा इतिहास

महाराष्ट्र शासनाने जून २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला. काळ्या मखमली पंखांवर फिकट निळी झाक असलेले हे मोठे फुलपाखरू मुख्यतः श्रीलंका, दक्षिण भारत व पश्चिम घाट येथे आढळते. विदर्भातही त्याच्या नोंदी आहेत. त्याची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाऊन वाढते. त्याच्या नावांचा इतिहास मात्र या प्रदेशाबाहेर सुरू होतो.

लिनियसने १७५८ मध्ये अनेक फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धकथेतील नावे दिली. तीच प्रथा अनुसरून पीटर क्रॅमर या डच व्यापाऱ्याने १७७५ मध्ये यास ‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर’ म्हटले. ग्रीक कथेतील हा थ्रेसचा राजा. सोन्याच्या लोभाने त्याने आपल्या आश्रयास ठेवलेल्या राजपुत्राचा घात केला.

इंग्रजी नावाचे मूळ अमेरिकेत आहे. १८३० मध्ये स्थापन झालेला मॉर्मन पंथ बहुपत्नीकत्वाबद्दल प्रसिद्ध होता. ती चाल त्याने १८९० मध्ये अधिकृतपणे सोडली. ‘कॉमन मॉर्मन’ या सजातीय फुलपाखराची मादी तीन रूपांत आढळते व त्यांपैकी दोन रूपे भक्षकांना बेचव लागणाऱ्या अन्य फुलपाखरांची नक्कल करतात. त्यावरून एका नराच्या अनेक स्त्रिया अशी कल्पना करून हे विनोदी नाव पडले. ब्लू मॉर्मनच्या मादीत अशी रूपे नाहीत. केवळ नात्यामुळे ते नाव त्यास चिकटले.

मराठीत प्रथम ‘राणी पाकोळी’ हे नाव पुढे आले. परंतु ‘पाकोळी’ हे एका पक्ष्याचेही नाव असल्याने अर्थ संदिग्ध होतो. पुढे ‘नीलवंत’ हे नाव रूढ झाले. ‘गुणवंत’, ‘धनवंत’ यांतील ‘वंत’ हा प्रत्यय येथे रंगाचे स्वामित्व दाखवितो. ‘फुलपाखरू’ नपुंसकलिंगी, ‘पाकोळी’ स्त्रीलिंगी, ‘नीलवंत’ पुल्लिंगी. नामांतराबरोबर लिंगही पालटले, हे लक्षणीय आहे.

तथापि ‘नीलवंत’ हे संस्कृतोद्भव घडणीचे, प्रमाण मराठीचे नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याच्या परिसरात मराठीबरोबर गोंडी व कोलामी बोलल्या जातात आणि पैनगंगेपलीकडे तेलुगूचा मुलूख लागतो. नजीकच टिपेश्वर अभयारण्य आहे. एमेनो यांनी वर्धा जिल्ह्यातील कोलामीचे वर्णन १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले; पण व्याकरण नोंदविले म्हणजे त्या भाषेतील रानाचे ज्ञान नोंदविले गेले, असे होत नाही. कोलामी ही मौखिक परंपरेने टिकलेली भाषा. तिच्यातील कीटक-पाखरांची नावे वृद्धांच्या जिभेवर असतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. थ्रेसचा राजा आणि अमेरिकेतील पंथ यांची नावे ज्या फुलपाखराने वागविली, त्याच्या नामावलीत या रानातील शब्दालाही स्थान हवे. ते संकलन प्राणिशास्त्राइतकेच भाषाशास्त्राचेही कर्तव्य होय.