वाळवणाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. मी गिरणी कामगाराचा मुलगा. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे इतिहास वाचताना माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : हे काम केले कोणी, आणि त्याचे दाम कोणाला मिळाले? आज हाच प्रश्न मी वाळवणाला विचारणार आहे.

वाळवणामागील शास्त्र सोपे आहे. अन्न नासवणाऱ्या बुरशीला व जंतूंना पाणी लागते. ते काढून घेतले की त्यांची वाढ खुंटते. हे शास्त्र पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी कोकणातल्या बाईच्या हाताला ठाऊक होते. आमसुलाचेच पाहा. रातांबे फोडायचे, बिया व गर वेगळा करायचा, साली उन्हात टाकायच्या. मग मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या. असे एकदा नव्हे, अनेकदा. त्यातच एखादा वळीव आला की साऱ्या कष्टांवर पाणी! ऊन फुकट खरे. परंतु उन्हाशी राखण बसलेल्या बाईचा दिवस फुकट कसा? तो कोणत्याही वहीत मांडलेला नाही, एवढेच.

त्या दिवसाचे मोल मला 1982 साली कळले. 18 जानेवारीला मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. गावाहून आजीने धाडलेल्या गाठोड्यात आमसुले, आंबोशी आणि कुळीथ असत. महिनोन् महिने आमसुलाचे सार आणि भात यांवर आमचे घर उभे राहिले. मैदानावर भाषणे पुढाऱ्यांची झाली. चुलीपाशी संप लढवला तो त्या गाठोड्याने.

शिधा संपला की लढाई संपते, हे सरकारांनाही ठाऊक होते. म्हणूनच वाळवणाच्या यंत्राला मोठी चालना मिळाली ती फौजांमुळे. 1850 च्या सुमारास फ्रान्समध्ये मासाँ यांनी गरम हवेने भाज्या वाळवून, दाबून त्यांच्या वड्या करण्याची रीत बसवली. शोले यांच्या कारखान्यातला असा माल क्रिमियाच्या युद्धात (1853 ते 1856) सैन्यापर्यंत गेला. अमेरिकेतील यादवी युद्धातही (1861 ते 1865) उत्तरेच्या सैनिकांना अशा वड्या मिळत. त्यांच्या नावाचा विपर्यास करून ते त्यांना ‘भ्रष्ट भाज्या’ म्हणत. भाजी टिकली, पण चव गेली, आणि ‘क’ जीवनसत्त्वही बरेचसे गेले.

आज घरात येणारी डिहायड्रेटरची पेटी याच वंशातली. तापणारी तार, एक पंखा आणि जाळीच्या थाळ्या, एवढाच तिचा संसार. परसातले टोमॅटो किंवा आंब्याच्या पातळ फोडी 55 ते 60 अंश सेल्सिअसला काही तासांत वाळतात. उष्णता फाजील वाढवली तर वरचा भाग कडक होतो, आत ओल कोंडते आणि पुढे बुरशी धरते. तात्पर्य, खरे काम आगीइतकेच वाहत्या हवेचे आहे. ढग येवोत की रात्र होवो, राखण नको. विजेचे बिल येते. पण बाईचा दिवस मोकळा होतो.

यंत्राला मी शत्रू मानत नाही. मात्र गिरणगावात वाढलेला माणूस एक गोष्ट विसरू शकत नाही : यंत्राने वाचवलेला वेळ आपोआप कष्टकऱ्याच्या पदरात पडत नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच ‘लिज्जत’ उभे राहिले. पापड हेही वाळवणच. घरोघरी ते होतच होते. नवे होते ते एवढेच की कामाची नोंद झाली, त्याला दाम मिळाले आणि मालकी काम करणारीकडेच राहिली.

तेव्हा घरात पेटी जरूर आणा. फक्त तिने मोकळा केलेला दिवस कोणाच्या वाट्याला गेला, हे वर्षअखेरीस घरातल्या बाईलाच विचारा. तिचे उत्तर हाच या इतिहासाचा पुढला अध्याय होय.