उपोषण म्हणजे एकादशी?

रजेवर अमळनेरला गेलो, तेव्हा भाचीच्या वर्गात चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. हक्क, बंदी, उपोषण. शब्दाला अर्थ जुळवायचा. एकीने 'उपोषण'शेजारी 'एकादशी' ठेवली. (शब्दकोशही तिच्याच बाजूने!)

मग साने गुरुजींची गोष्ट सांगितली. १९२४ ते १९३० ते याच गावात शिक्षक होते. मे १९४७ मध्ये पंढरपुरात त्यांनी दहा दिवस उपोषण केलं, विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. मंदिर उघडायचं ठरलं, तेव्हाच ते सुटलं.

"आधी का बंद होतं?" तिने विचारलं.

'जात' ही चिठ्ठी मी मुद्दाम केली नव्हती, पोरं लहान म्हणून. वहीचं पान फाडून तो शब्द लिहिला. अर्थाची चिठ्ठी मात्र कोरीच राहिली.